तलावाचा तळ हेच मुद्दल

समुद्रातील प्रवाळाभोवती मासळी दाटते, कारण तेथे तिला आसरा, अन्न आणि अंडी घालण्यास जागा मिळते. प्रवाळ मेला, त्याच्या कपारी ढासळल्या की पाणी तेवढेच राहूनही मासे ओसरतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशालाही हाच न्याय लागू आहे. तेथे प्रवाळाचे काम तलावातील पाणवनस्पती करतात.

पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या उत्तेजनाने आणि कोहळी समाजाच्या कौशल्याने त्यांतील कित्येक उभे राहिले. त्यांनी धानाला पाणी दिले आणि ढिवरांना मासळी. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात येऊन तलाव शासनाकडे आले. मालकी पालटली, हे योग्यच झाले. परंतु पाळ राखण्याची आणि गाळ उपसण्याची पूर्वापार व्यवस्था मात्र त्याबरोबरच विस्कटली.

पुढे मत्स्यबीज आले. रोहू, कतला, मृगल हे मासे वाहत्या पाण्यात वितात, साचलेल्या तलावात नव्हे. 1957 साली हिरालाल चौधुरी यांनी ग्रंथिरसाच्या साह्याने अशा माशांची वीण घडवून आणली आणि गावोगाव बीज पोचविणे शक्य झाले. त्यामुळे उत्पादन वाढले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण हे बीज पुन्हा पुन्हा विकत घ्यावे लागते. मरळ, शिंगी, मागूर यांचे तसे नाही. उथळ, वनस्पतींनी भरलेला काठ मिळाला की ते आपले आपण वाढतात. पहिला व्यवहार दरसालच्या खर्चाचा, तर दुसरा मुद्दलावरील व्याजाचा.

आज झिजत आहे ते हे मुद्दलच. काठावर बेशरम माजते, अतिक्रमणाने उथळ भाग आक्रसतो, शेतातील कीटकनाशके पाण्यात उतरतात. गाळ काढणे आवश्यक खरे. पण यंत्राने सरसकट खोल खणले की वनस्पतींची मुळेही गाळासोबत जातात.

यावर उपाय नाही असे नाही. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव परिसरात, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या सहकार्याने बेशरम उपटली, कोरड्या तळाची नांगरट केली आणि स्थानिक पाणवनस्पती लावल्या. कोणत्या वनस्पतीच्या आधाराने कोणता मासा राहतो, हे ज्ञान पुस्तकातून आले नव्हते; ते ढिवरांपाशीच होते.

तेव्हा तलावाचा ठेका देताना केवळ क्षेत्र आणि बीज मोजून भागणार नाही. गाळ काढताना उथळ काठ राखला जावा, तळ सुधारणाऱ्या संस्थेला ठेक्याच्या रकमेत सवलत मिळावी आणि मुदतही पुरेशी दीर्घ असावी. उद्या तलाव दुसऱ्याच्या हाती जाणार असेल, तर आज त्यात वनस्पती लावण्याचे कष्ट कोणता ढिवर घेईल? त्याच्या निष्काळजीपणाला दोष देण्यापूर्वी शासनाने आपल्या ठेक्याच्या अटी एकदा वाचून पाहाव्यात.