निवाड्यातील एक अट आणि अक्राणीचा नर्मदाकाठ

धडगाव हे ज्याचे मुख्यालय आहे त्या अक्राणी तालुक्यात केंद्र, राज्य आणि न्यायालय यांच्या अधिकारांचा प्रश्न कधीच केवळ घटनातज्ज्ञांचा राहिला नाही, कारण डोमखेडी, निमगव्हाण, भादल या नर्मदाकाठच्या गावांतील भिल्ल-पावरा कुटुंबांची जमीन गुजरातमधील सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात कधी आणि कोणत्या अटीवर बुडेल, हे त्याच अधिकारांच्या वाटणीवर ठरत गेले.

अमेरिकेत कायदे तपासण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 1803 च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन निकालात स्वतः प्रस्थापित केला. भारतात तो अनुच्छेद 13 आणि 32 यांनी लिहूनच दिला. केंद्र-राज्य संबंधांचा तोल मात्र येथेही निकालांतून घडला. राज्याच्या मालकीच्या कोळसाजमिनी केंद्राला संपादित करता येतात का, या वादात 1962 मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयात बहुमताने असा निर्णय झाला की राज्ये सार्वभौम नसल्याने त्या संपादित करता येतात; न्या. सुब्बाराव यांनी त्यास भिन्नमत नोंदवले.

नद्यांच्या बाबतीत घटनाकारांनी वेगळी वाट ठेवली होती. पाणी हा राज्यांचा विषय असला तरी आंतरराज्य नद्यांचे नियमन संसदेकडे आहे, आणि अनुच्छेद 262 व 1956 चा कायदा यांनुसार पाणीतंटा न्यायालयाऐवजी लवादाकडे, म्हणजे त्या तंट्यापुरत्या नेमलेल्या न्यायाधिकरणाकडे जातो. नर्मदा लवाद 1969 मध्ये नेमला गेला आणि त्याचा निवाडा 12 डिसेंबर 1979 रोजी राजपत्रात प्रसिद्ध झाला: 28 दशलक्ष एकर-फूट पाण्यापैकी महाराष्ट्राला 0.25, विजेपैकी 27 टक्के, आणि सरदार सरोवर धरणाची पूर्ण जलपातळी 455 फूट, म्हणजे 138.68 मीटर. लवादापुढे पक्षकार होती ती राज्ये. जमीन कसणाऱ्याला तेथे स्वतःचे स्थान नव्हते.

तरीही त्या निवाड्यात एक विलक्षण अट आहे. भरपाई देऊन पुनर्वसनाची व्यवस्था झाल्याशिवाय मध्य प्रदेश वा महाराष्ट्रातील कोणतेही क्षेत्र बुडवू नये, जमीन जाणाऱ्या पात्र कुटुंबाला किमान 2 हेक्टर सिंचनयोग्य जमीन द्यावी, सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानावे आणि याचा खर्च गुजरातने सोसावा, असे त्यात बजावले आहे. विस्थापिताच्या व्याख्येत केवळ खातेदार नसून भूसंपादनाच्या अधिसूचनेपूर्वी किमान वर्षभर तेथे राहणारी वा जमीन कसणारी व्यक्तीही येते, आणि जेथे अनेकांची शेती वनखात्याच्या जमिनीवर होती त्या सातपुड्यात या शब्दांचे मोल फार मोठे होते. पाण्याची पातळी आणि माणसाचा हक्क यांना एकाच अटीत बांधणारी ही रचना भारतीय लवादांच्या कामगिरीत मानाने उल्लेखावी अशी आहे.

अडचण तिच्या अंमलाची होती. नर्मदा बचाओ आंदोलनाच्या 1994 च्या याचिकेमुळे विस्थापित अनुच्छेद 32 च्या दाराने, म्हणजे थेट सर्वोच्च न्यायालयात, या वादात शिरले आणि बांधकाम काही वर्षे सुमारे 80 मीटरवर थांबले. 18 ऑक्टोबर 2000 रोजी मात्र न्या. किरपाल आणि सरन्यायाधीश आनंद यांच्या बहुमताने याचिका उशिरा आल्याचे, निवाडा बंधनकारक असल्याचे आणि असे प्रकल्प हा धोरणाचा प्रश्न असल्याचे सांगून 90 मीटरपर्यंत परवानगी दिली. न्या. भरुचा यांचे मत असे होते की पर्यावरणीय मंजुरी पुरेशा अभ्यासाविना दिली गेली असल्याने तज्ज्ञ समितीच्या तपासणीपर्यंत काम थांबवावे. बहुमताने पुढील प्रत्येक टप्प्याची संमती नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाकडे सोपवली. तेथे मतभेद झाल्यास पुनर्विलोकन समिती आणि अखेरीस पंतप्रधान निर्णय देतील, असे ठरवले. अशा रीतीने बुडणाऱ्या शेतकऱ्याचा मूलभूत हक्क न्यायालयाच्या दारातून पुन्हा शासनाच्या दालनात गेला, आणि ज्या राज्यांनी पुनर्वसन पुरे करायचे त्यांच्याच अहवालांवर ते पुरे झाल्याचे ठरू लागले. 2005 मध्ये न्यायालयाने तात्पुरत्या बुडिताखालील कुटुंबांनाही कायमच्या बुडिताइतकाच जमिनीचा हक्क असल्याचे सांगितले, म्हणजे पाच वर्षांनीसुद्धा ‘विस्थापित कोण’ हा मुळातला प्रश्न सुटलेला नव्हता. धरणाची उंची मात्र वाढत राहिली आणि 2019 मध्ये ते प्रथमच पूर्ण भरले.

निवाड्यातील पाणीवाटपाच्या कलमांचे 45 वर्षांनंतर पुनर्विलोकन करता येते. ती मुदत डिसेंबर 2024 मध्ये पूर्ण झाली आहे. मात्र 1956 च्या कायद्यानुसार तंट्याची तक्रार करण्याचा अधिकार आजही राज्य सरकारांनाच आहे.