भिंतीवरचे कापड आणि हातातले कापड : प्रोजेक्टर नीट कसा लावावा?

आपल्या धंद्यात माल दाखविण्याची रीत बदलत चालली आहे. पूर्वी गादीवर थान उलगडले जाई, दलाल बगलेत शेड कार्डांचे गाठोडे घेऊन फिरत असे. आता काही पेढ्यांवर ग्राहक बसतो, चहा येतो आणि समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरने शंभर-दीडशे डिझाइने एकामागून एक दाखविली जातात. सोय मोठी आहे. घडी मोडत नाही, माल मळत नाही, पोरांची धावपळ वाचते. परंतु भिंतीवर राणी दिसलेला रंग गाठ उघडल्यावर गाजरी निघाला, तर माल परत येतो, दोन्हीकडचे भाडे अंगावर बसते आणि बाजारात नाव जाते ते वेगळेच. अशा वेळी रंगाऱ्याला दोष दिला जातो. पुष्कळदा दोष रंगाऱ्याचा नसतो. यंत्र नीट लावलेले नसते.

खरेदीपासून सुरुवात करू. खोक्यावर ‘९००० ल्युमेन’ असे मोठ्या अक्षरात लिहिलेले स्वस्त यंत्र पाहून भुलू नये. ‘एएनएसआय ल्युमेन’ किती, हा प्रश्न विचारावा. या पद्धतीत चित्राचे नऊ सारखे भाग करून प्रत्येकातला उजेड मोजतात आणि सरासरी काढतात. नुसते ‘ल्युमेन’ म्हणजे दुकानदाराची मर्जी. तसेच ‘१०८० सपोर्टेड’ याचा अर्थ यंत्र तेवढे बारीक चित्र दाखविते असा नव्हे. तेवढे चित्र ते आत घेते आणि आपल्या कुवतीप्रमाणे जाडेभरडे करून बाहेर टाकते. ‘नेटिव्ह’ आकडा विचारावा. कपड्याच्या बारीक कामाला तो १९२० गुणिले १०८० असला तर उत्तम.

आत दोन प्रकारची कळ असते. एकात लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगांसाठी काचेच्या तीन वेगळ्या पट्ट्या असतात, त्यास थ्री-एलसीडी म्हणतात. दुसरा प्रकार डीएलपी. यात नखाएवढ्या चिपवर लाखो सूक्ष्म आरसे हलत असतात. अमेरिकेच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीतील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली ही चिप शोधली. आपल्यासाठी महत्त्वाचा फरक असा की, एका चिपच्या बऱ्याच डीएलपी यंत्रांत रंगांचे चाक फिरते आणि त्यात उजेड वाढविण्यासाठी एक पांढरी पाकळीही ठेवलेली असते. त्यामुळे पांढरा झगझगीत दिसतो, पण त्याच्या शेजारी हळदी रंग मोहरीसारखा आणि लाल विटेसारखा मरगळतो. अशा यंत्राच्या मेन्यूत ‘ब्रिलियंट कलर’ नावाचा आकडा असेल तर तो खाली आणावा. उजेड थोडा कमी होईल, रंग जागेवर येतील. नवे यंत्र घेताना आपली स्वतःची हळदी आणि लाल कापडाची छायाचित्रे पेनड्राइव्हवर न्यावीत व दुकानातच लावून पाहावीत. विक्रेता जे फुलापाखरांचे चित्र दाखवितो त्यावर यंत्र पारखू नये.

आता भिंत. आपल्याकडे चुन्याच्या सफेदीत नीळ घालण्याची जुनी चाल आहे. डोळ्यांना ती भिंत पांढरीशुभ्र वाटते, पण प्रोजेक्टरच्या उजेडाला ती निळसर असते आणि पिवळ्या-केशरी रंगांचे पाणी काढून टाकते. ऑइल पेंटची भिंत चकाकते आणि मधोमध उजेडाचा डाग पाडते. त्यामुळे मुलायम पण चमक नसलेला, नीळ नसलेला पांढरा रंग एका चौकोनापुरता मारून घ्यावा किंवा सरळ पडदा घ्यावा. समोरच्या भिंती पोपटी-गुलाबी असतील तर त्यांचीही झाक चित्रावर पडते. पडद्यावर थेट पडणारी ट्यूबलाइट बंद ठेवावी.

यंत्र पडद्याच्या बरोबर समोर, सरळ ठेवावे. साधारण यंत्राला चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागते. म्हणजे सहा फूट रुंद चित्रासाठी नऊ फूट. नेमका आकडा पुस्तिकेत ‘थ्रो रेशो’ या नावाने दिलेला असतो. पुष्कळ लोक यंत्र कोपऱ्यात स्टुलावर ठेवतात आणि तिरपे झालेले चित्र ‘कीस्टोन’ दाबून चौकोनी करतात. ही सोय आहे खरी, परंतु ती चित्राचे काही ठिपके खाऊन टाकते आणि उरलेले दाबून बसविते. बारीक चौकडी, लुंगीच्या रेषा, जामदानीची बुटी यांचा त्यात चुराडा होतो. कीस्टोन शून्यावर ठेवून यंत्रच सरळ करण्यात दहा मिनिटे जातात, ती जाऊ द्यावीत. फोकस मात्र यंत्र सुरू झाल्याबरोबर लावू नये. पंधरा-वीस मिनिटांत भिंग तापून थोडे सरकते, मग लावावा.

रंगांची सेटिंग हा या सगळ्याचा गाभा आहे. यंत्र खोक्यातून निघते तेव्हा बहुधा ‘डायनॅमिक’ किंवा ‘ब्राइट’ मोडवर असते. यात उजेड सर्वात जास्त आणि रंग सर्वात खोटा असतो. बहुतेक यंत्रांत हिरवट झाक येते. ‘सिनेमा’, ‘नॅचरल’ किंवा ‘एसआरजीबी’ यांपैकी जो असेल तो लावावा. ‘कलर टेम्परेचर’ ६५०० च्या आसपास ठेवावे. मग दुकानातील पाच कात्रणे घ्यावीत : पांढरे, काळे, हळदी, राणी आणि फिरोजी. ती दिवसा, उन्हात नव्हे तर सावलीच्या उजेडात, शेजारी पांढरा कोरा कागद ठेवून टिपावीत. मोबाइलमध्ये रंग आपोआप खुलविणारी जी सोय असते ती बंद करावी. ती चेहऱ्यासाठी असते, कापडासाठी नव्हे.

हे छायाचित्र भिंतीवर लावावे आणि प्रथम फक्त कागदाकडे पाहावे. कागद पांढरा दिसेपर्यंत रंगांना हात लावू नये. कागद जुळला की बाकीचे रंग बरेचसे आपोआप जुळतात. खरे कात्रण शेजारी धरायचे ते खिडकीच्या उजेडात, प्रोजेक्टरच्या झोतात नाही. एखादा रंग भडक वाटला तर ‘सॅच्युरेशन’ थोडे कमी करावे, पण एकेक रंग वेगळा ओढत बसू नये; फिरोजी सुधारता सुधारता मेहंदी हिरवा बिघडतो.

‘ब्राइटनेस’ आणि ‘कॉन्ट्रास्ट’ यांत बहुतेकांचा घोटाळा होतो. ब्राइटनेस काळ्याचे घर आहे आणि कॉन्ट्रास्ट पांढऱ्याचे. काळ्या बुरख्याच्या कापडाचे चुण्या पडलेले छायाचित्र लावावे. चुण्या दिसेनाशा होईपर्यंत ब्राइटनेस खाली न्यावा आणि मग त्या जेमतेम दिसतील इतका वर घ्यावा. तसेच पांढऱ्या चिकनच्या कापडावर कॉन्ट्रास्टचे करावे. भरतकाम उजेडात बुडाले की दोन पावले मागे यावे. हे करूनही काळा राखेसारखा दिसत असेल किंवा चुण्या काही केल्या येत नसतील तर ‘एचडीएमआय रेंज’ पाहावी. संगणक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ पायऱ्या मोजतो, टीव्हीची पद्धत १६ ते २३५ अशी आहे. दोघांची मोजणी जुळली नाही की काळे एक तर धुरकट होते नाही तर डांबरासारखे सपाट.

पण एक गोष्ट बुरखा-अबायाचा धंदा करणाऱ्यांनी पक्की ध्यानात ठेवावी. प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही. तो फक्त उजेड टाकतो. जेथे उजेड पडत नाही तेथे भिंत जशी आहे तशी दिसते, तोच त्याचा काळा. म्हणजे खोलीत उजेड असेल तर काळा कधीच गडद दिसणार नाही. जर्द काळा, निळसर काळा, तपकिरी काळा यांतला फरक, ज्यावर या मालाची किंमत ठरते, तो कोणत्याही सेटिंगने भिंतीवर येत नाही. काळ्या मालाचे कात्रण हातातच द्यावे.

येथे हक्काचा प्रश्न येतो. हनफी फिक्हमध्ये न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर सौदा ठेवावा की सोडावा याचा अधिकार खरेदीदाराला आहे. त्यास खियार-ए-रुयत म्हणतात. भिंतीवरचे चित्र पाहणे म्हणजे माल पाहणे होते काय, हे उलेमांना विचारावे. व्यापाऱ्याने तरी तसे गृहीत धरू नये. देशाचा कायदाही पाहा. १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचे कलम १७ सांगते की, नमुन्यावरून विक्री झाली तर सगळा माल नमुन्याशी जुळला पाहिजे. म्हणून नमुना कोणता हे आधीच ठरवून घ्यावे. डिझाइन भिंतीवर पसंत करावे, रंग शेड कार्डावर. ऑर्डरच्या कागदावर शेड क्रमांक लिहून कात्रण टाचावे आणि ‘रंग कात्रणाप्रमाणे’ असे शब्द घालावेत. एवढ्याने निम्मे तंटे उद्भवणारच नाहीत. डायनॅमिक मोड मुद्दाम लावून फिका माल खुलवून दाखविणारेही बाजारात आहेत. मालाचा ऐब झाकणे आपल्या दीनमध्ये काय आहे, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

सेटिंग जमली की सगळे आकडे कागदावर लिहून यंत्राच्या पाठीला चिकटवावेत. रात्री दुकानातली पोरे क्रिकेट पाहतात आणि सकाळी सगळे आकडे बदललेले असतात.

आकाराच्या दोन खोडी कापडवाल्यांना फार नडतात. एक ‘ओव्हरस्कॅन’. टीव्हीच्या जुन्या सवयीने यंत्र चित्राच्या चारही कडा थोड्या कापते. नेमका साडीचा काठ आणि दुपट्ट्याची किनार तेथेच असते. ते बंद करावे. दुसरी ‘आस्पेक्ट’. गोल बुटी लंबगोल दिसू लागली की समजावे चित्र ताणले गेले आहे. ‘ऑटो’ किंवा ‘नॉर्मल’ लावावे. बारीक रेघांच्या शर्टिंगवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी हलताना दिसली तर ग्राहक ती विणीची खोड समजतो. ती विण आणि प्रोजेक्टरचे ठिपके यांच्या टकरीतून येते. ‘शार्पनेस’ अगदी खाली आणावा आणि कापडाचा छोटा तुकडा मोठा करून दाखवावा.

जरदोजीच्या कारागिरांना या यंत्राचा वेगळाच उपयोग आहे. खाका लहान-मोठा करण्यात पूर्वी दिवस जाई. आता मूळ नक्षी कागदावर टाकून हव्या त्या मापात उतरवता येते, टोचणी नेहमीसारखीच. येथे रंगाचे काम नाही, मापाचे आहे. आधी एक-एक इंचाच्या चौकटींचे चित्र टाकून चारही कोपऱ्यांत टेपने मोजावे, आणि दोन्ही कर्ण सारखे भरतात का ते पाहावे. कर्ण जुळले नाहीत तर गळ्याची एक बाजू मोठी येणार. यंत्र टेबलावर खाली तोंड करून टांगायचे असल्यास पुस्तिका वाचावी. दिव्याची कित्येक यंत्रे इतकी तिरकी चालविण्यास मनाई असते. चित्र उलटे आले तर ‘सीलिंग’ हा पर्याय दाबावा. चित्र उलटे पडण्यावरून आठवले, अंधाऱ्या खोलीबाहेर दिवे मांडून, छिद्रातून येणारा कोणता उजेड कोणत्या दिव्याचा हे एकेक दिवा झाकून पाहण्याचा प्रयोग इब्नुल हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी ‘किताबुल मनाजिर’मध्ये नोंदवून ठेवला आहे. आपल्या पोरांना हे शाळेत कोणी सांगत नाही.

आता बिघाड. ‘नो सिग्नल’ आले की लगेच मिस्त्रीला बोलावू नये. ‘सोर्स’ बटण दाबून योग्य छिद्र निवडले आहे का पाहावे, केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा लावावी, लॅपटॉपवर विंडोज आणि पी ही दोन बटणे एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडावे. मोबाइलला टाइप-सी केबल लावूनही चित्र येत नसेल तर बहुधा तो मोबाइल तारेतून चित्र बाहेर देतच नाही. केबल बदलून फायदा नाही. जुन्या व्हीजीए केबलने सगळे चित्र एकदम गुलाबी किंवा पिवळे झाले तर एखादी पिन वाकली आहे, कारण तिच्यात तिन्ही रंगांच्या तारा वेगळ्या असतात. एचडीएमआय केबल अशी बिघडत नाही. ती चमचम ठिपके दाखविते नाही तर चित्रच देत नाही.

चित्रात धुरकट डाग दिसला तर चित्र बदलून पाहावे. डाग त्याच जागी राहिला तर तो कापडाचा नाही. मग यंत्र किंचित सरकवावे : डाग भिंतीवर स्थिर राहिला तर भिंतीचा, चित्राबरोबर सरकला तर यंत्रातील धुळीचा. एलसीडी यंत्रात एका बाजूला कायमची पिवळी किंवा निळी झाक आली असेल तर आतली पट्टी उष्णतेने गेली आहे, ती सेटिंगने जाणार नाही. अशा यंत्रावर रंगाची ऑर्डर घेऊ नये.

आपल्या गोदामात रुईचे तूस उडते. ते जाळीत बसते, हवा कोंडते आणि यंत्र तापून आपोआप बंद पडते. कार्यालयात जी जाळी तीन महिने चालते ती आपल्याकडे पंधरवड्याला साफ करावी, मऊ ब्रशने. पंख्यावर कॉम्प्रेसरची हवा मारू नये. पंखा भलत्या वेगाने फिरून खराब होतो. दिव्याच्या यंत्राचे बटण बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नये, आणि वीज जाण्याचा त्रास असेल तेथे लहान यूपीएस लावावा, कारण तापलेला दिवा पंख्याविना राहिला की त्याचे आयुष्य घटते. असा दिवा साधारणपणे तीन ते पाच हजार तास चालतो, एलईडी किंवा लेझर वीस हजारांच्या आसपास. हे आयुष्य उजेड निम्म्यावर येईपर्यंतचे धरतात, म्हणजे दिवा विझण्याच्या बऱ्याच आधी रंग उतरू लागलेले असतात. दर दोन-तीन महिन्यांनी तीच पाच कात्रणे पुन्हा लावून पाहावीत. दिवा बदलल्यावर मेन्यूतील तासांचा आकडा शून्य करावा, आणि जुन्या दिव्यात पारा असतो म्हणून तो कचऱ्यात न फोडता सर्व्हिसवाल्याकडे परत द्यावा.