अंधारातले घटिकापात्र

आपल्याकडे लग्नघरी घड्याळ येण्यापूर्वी घटिकापात्र असे. तळाशी बारीक छिद्र पाडलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगत सोडावयाची. छिद्रातून पाणी हळूहळू आत शिरे आणि एका घटकेने, म्हणजे २४ मिनिटांनी, वाटी बुडे. जोशीबुवा ती काढून, रिकामी करून पुन्हा तरंगवीत आणि किती वाट्या बुडाल्या याची खूण ठेवीत. या साध्या साधनात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: वाटीचे भरणे-बुडणे, बुडालेल्या वाट्यांची मोजदाद, आणि पहिली वाटी सूर्योदयास किंवा सूर्यास्तास सोडावयाची हा नियम. सजीवांच्या देहात कालमापन कसे चालते हे समजून घेताना मला या वाटीइतका चांगला दृष्टान्त दुसरा सापडलेला नाही.

सूर्य उगवला म्हणून कमळ उमलले, सूर्य मावळला म्हणून पाखरे घरट्याकडे वळली, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. म्हणजे घड्याळ आकाशात, आणि जीवसृष्टी त्याच्या ठोक्यावर चालणारी. १७२९ साली द मेरां नावाच्या फ्रेंच विद्वानाने लाजाळूचे झाड अंधाऱ्या जागी ठेवून पाहिले. ऊन दिसत नसतानाही पाने दिवसा उघडत व रात्री मिटत राहिली. झाडाला सूर्य न पाहताही त्याची चाहूल लागत असावी, असे त्याला वाटले. घड्याळ झाडाच्या आतच असेल, ही कल्पना त्या काळी सुचण्यासारखी नव्हती.

या प्रश्नाची अधिक कठोर परीक्षा निसर्गाने आमच्या छत्तीसगडातच मांडून ठेविली आहे. रायपूरहून दक्षिणेस बस्तरच्या वाटेने गेले म्हणजे जगदलपूरच्या पलीकडे कांगेर नदीचे खोरे लागते. तेथे चुनखडीच्या दगडात पाण्याने कोरलेली कोटुमसरची गुहा आहे. अरुंद तोंडातून खाली उतरले की थोड्याच अंतरावर प्रकाशाचा शेवटचा कवडसाही संपतो. आत दिवस नाही, रात्र नाही. उष्णतामानही वर्षभर जवळजवळ सारखेच. तेथील डबक्यांत करंगळीएवढा एक मासा राहतो. त्याचे बाहेरचे भाऊबंद ओढ्यानाल्यांत राहतात, आणि मौज अशी की शास्त्रज्ञांनी तो ज्या जातीचा ठरविला, तिचे पहिले वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७२ साली पुण्याकडच्या नमुन्यांवरून केले होते. गुहेतल्या माशाचे डोळे खुजे झाले आहेत आणि अंगचा रंग फिकटला आहे. जेथे पाहण्यासारखे काही नाही तेथे डोळ्यांचा खर्च कोण चालवील?

मग घड्याळाचा खर्च तरी का चालवावा? रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विश्वविद्यालयातील संशोधकांनी हाच प्रश्न धसास लावला. हा मासा अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो. हे घोट मोजता येतात. जयंत बिस्वास, अतनु कुमार पती आणि त्यांचे सहकारी यांनी हे मोजले आणि १९९० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. माशाच्या या वर येण्यात सुमारे एका दिवसाचे आवर्तन आढळले. इतकेच नव्हे, तर वर्षाचेही. वार्षिक आवर्तनाचा अर्थ थोडाफार लावता येतो, कारण पावसाळ्यात पाणी गुहेत शिरते आणि आपल्याबरोबर बाहेरचा पालापाचोळा व अन्न घेऊन येते. परंतु दिवसाचे आवर्तन? डोळे विझत चालले तरी वाटी बुडतच होती.

ही वाटी कशाची घडली आहे ते फळमाशीवरून कळले. १९७१ साली कोनोप्का आणि बेंझर यांना अमेरिकेत तीन प्रकारच्या विचित्र फळमाश्या मिळाल्या. एकीचा दिवस १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा, आणि तिसरीला दिवस असा नव्हताच. तिन्हींतील दोष एकाच जनुकात होता. त्याचे कार्य उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तिघांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जनुकाच्या सांगण्यावरून पेशीत एक प्रथिन तयार होऊ लागते. ते साचत जाते, पुरेसे साचले की पेशीकेंद्रात शिरते आणि आपल्याच जनुकाचे तोंड बंद करते. नवे प्रथिन बनेनासे होते, जुने झिजून नाहीसे होते, आणि जनुक पुन्हा मोकळा होतो. वाटी भरली, बुडली, रिकामी झाली, पुन्हा तरंगली. मात्र या फेऱ्यास सुमारे २४ तास लागतात, आणि येथे जोशीबुवाही वाटीच्या आतच बसलेले आहेत.

मनुष्याची ही वाटी २४ तासांपेक्षा किंचित मोठी असते. म्हणून ती रोज सकाळच्या उजेडाने नव्याने सोडावी लागते. मिशेल सिफ्र हा तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ १९६२ साली १६ जुलैला आल्प्समधील एका गुहेत घड्याळावाचून राहावयास गेला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर बोलाविले तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्टच उजाडला होता. मात्र त्याचे झोपणे व उठणे बहुतांशी सुमारे साडेचोवीस तासांच्या फेऱ्यानेच चालले होते. मन चुकले, देह फारसा चुकला नाही.

आता आईच्या उदरात डोकावू. तेथे सूर्योदय नाही, आणि या कामासाठी दिवसाची वाटी फारच मोठी पडेल. पाठीच्या कण्याचे मणके ज्यांपासून घडतात ते मांसल ठोकळे गर्भात डोक्याकडून शेपटाकडे एकेक जोडीने, ठरलेल्या अंतराने तयार होतात. कोंबडीच्या पिलात हे अंतर ९० मिनिटांचे आहे. येथेही जनुके आळीपाळीने जागी होतात व निजतात, हे १९९७ साली पूरक्ये यांच्या प्रयोगशाळेने दाखविले. प्रत्येक बुडालेल्या वाटीमागे एक जोडी. उंदरात हेच अंतर सुमारे दोन तासांचे, मनुष्यात सुमारे पाच तासांचे. आपली प्रथिने बनण्यास व झिजण्यास अधिक वेळ घेतात, म्हणून आपली वाटी संथ. उलट सर्पाच्या गर्भात वाढीच्या मानाने वाटी फार लवकर लवकर बुडते, आणि म्हणूनच त्याच्या देहात शेकडो मणके मावतात. या घड्याळाच्या जनुकांत दोष राहिला तर मणके जोडलेले, अर्धवट किंवा वाकडे होतात आणि मूल जन्मतःच वाकडा कणा घेऊन येते. एका ठोक्याची चूक ते जन्मभर वाहते.

वार्धक्याकडे वळले म्हणजे हिशेबाची रीत बदलते. येथे फिरणाऱ्या वाटीपेक्षा जोशीबुवांच्या खुणा महत्त्वाच्या. हेफ्लिक व मूरहेड यांनी १९६१ साली दाखविले की प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी पेशी साधारण ५० वेळा विभागल्या की थांबतात. गुणसूत्रांच्या टोकांना जी संरक्षक झालर असते ती प्रत्येक विभाजनात थोडी तुटते. पुरेशी आखूड झाली की पेशी पुढे जाण्याचे नाकारते. त्या झालरीचा उलगडा करणाऱ्या ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शोस्टाक यांना २००९ साली नोबेल मिळाले. तथापि एवढ्यावरून मनुष्य म्हणजे पन्नास मण्यांची माळ, असे मात्र समजू नये. मेंदूतील बहुतेक पेशी विभागतच नाहीत, तरी म्हातारपण त्यांनाही सोडीत नाही. दिवसाची वाटीही उतारवयात मंदावते आणि लवकर सुटू लागते. आमच्या आजोबांचे ब्राह्ममुहूर्ती उठणे आम्ही त्यांच्या पुण्याईत जमा करीत असू. त्यातले थोडे श्रेय आता मला या यंत्राला द्यावे लागते.

पण गुहेतल्या माशाला दिवस कशासाठी हवा, हा प्रश्न उरलाच. सोमालियातील भूमिगत पाण्यात दुसरा एक मासा आहे, लाखो वर्षे अंधारात कोंडलेला व पूर्णपणे आंधळा. त्याचे घड्याळ उजेडाला दादच देत नाही, आणि त्याचा एक फेरा जवळजवळ दोन दिवसांचा झाला आहे. तरीसुद्धा ठरल्या वेळी अन्न दिले तर तो वेळ पाळतो. म्हणजे घड्याळ बिघडते, लांबते, पण सहजी टाकून दिले जात नाही. त्याचे कारण असे दिसते की घड्याळ केवळ बाहेरच्या दिवसाशी जुळण्यासाठी नाही. यकृत, आतडे, रक्त, मेंदू यांच्या कामांचा आपसात मेळ राहावा यासाठीही ते लागते. आपल्या प्रत्येक इंद्रियात अशी वाटी आहे, आणि मेंदूच्या तळाशी असलेला सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका त्या सर्वांना एका तालात ठेवतो.

हा मेळ जेथे रोज मोडतो, ती जागा बस्तरच्या गुहेहून आपल्याला अधिक जवळची आहे. भिलाईचा पोलाद कारखाना, रेल्वे, रुग्णालये, पोलीस ठाणी यांना रात्र नसते. रात्रपाळीच्या माणसाचा मेंदू पहाटेच्या उजेडाकडे पाहून एक वेळ सांगतो, आणि मध्यरात्रीच्या जेवणावरून यकृत दुसरी. बदलत्या पाळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांत मधुमेह व हृद्रोग अधिक आढळतात. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने अशा रात्रपाळीची गणना बहुधा कर्ककारक गोष्टींत केली. रात्रपाळी बंद करा, असे कोणी म्हणू शकणार नाही. मात्र पाळ्यांचा क्रम आपल्या हाती असतो. आपली वाटी २४ तासांहून किंचित मोठी असल्यामुळे पुढे सरकणे देहाला सोपे जाते. म्हणून सकाळ, मग दुपार, मग रात्र हा क्रम रात्र, दुपार, सकाळ या क्रमापेक्षा सुसह्य होतो.

पाळीपत्रकांवर सही करणे हा माझ्याही नोकरीचा एक भाग आहे. हे वाचल्यावर मी आमच्या चौकीदारांचा क्रम उलटवून सुलटा केला आणि मनाशी थोडा संतुष्टही झालो. आठवड्याने त्यांतील सर्वांत वयस्क गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. झोप बरी लागते, हे त्यांना मान्य होते. पण त्यांच्या गावचा बाजार गुरुवारी भरतो आणि नव्या क्रमात नेमका गुरुवार अडकत होता. तेवढा एक दिवस मी त्यांना बदलून दिला.