ब्लॉकचेन समजून घेताना (लेखांक ६) : टोकन खर्चाची परवानगी

गेल्या आठवड्यात आपण वॉलेट आणि त्याची खासगी किल्ली पाहिली. ती किल्ली कुणालाही द्यायची नाही, हे आता वाचकांना पटलं असेल. पण किल्ली आपल्याच खिशात असतानाही वॉलेट रिकामं होऊ शकतं. त्यासाठी आपण कधीकाळी दिलेली एक परवानगी पुरेशी असते.

विदर्भाला ब्लॉकचेन आता अगदीच अनोळखी राहिलेली नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत २०२२ साली सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रांची नोंद पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर झाली. समजा, सेवाग्रामला अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मुलीने अशाच नोंदी शोधून पडताळणारं अ‍ॅप प्रकल्प म्हणून बनवायला घेतलं. साखळीवरच्या लाखो नोंदींतून हवी ती माहिती चटकन काढून देणाऱ्या सेवा आहेत. ‘द ग्राफ’ ही त्यातली एक. महिन्याला एक लाख विचारणांपर्यंत ती फुकट आहे. अ‍ॅप चाललं आणि विचारणा वाढल्या, की पैसे कार्डाने भरायचे, नाहीतर आर्बिट्रम या जाळ्यावर जीआरटी नावाच्या टोकनमध्ये. तिने टोकनचा मार्ग धरला, की वॉलेट पहिल्यांदा विचारतं : या पत्त्याला तुमचे टोकन खर्च करू द्यायचे का, आणि किती?

हा प्रश्न येतो ईआरसी-२० या नियमावलीतून. फॅबियन फोगेलस्टेलर आणि व्हिटालिक ब्युटेरिन यांनी ती २०१५ च्या नोव्हेंबरात मांडली. एखाद्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे साखळीवर आपोआप चालणाऱ्या कोडला, तुमच्या वॉलेटमधून टोकन घ्यायचे असतील, तर आधी तुम्ही ‘अप्रूव्ह’ करायचं. मग ते कॉन्ट्रॅक्ट ठरलेल्या रकमेपर्यंत, एकदम किंवा थोडेथोडे करून, टोकन ओढतं. परवानगीत दोनच गोष्टी लिहिलेल्या असतात : कोण आणि किती. कधीपर्यंत आणि कशासाठी, याला त्यात रकानाच नाही.

आपल्या ओळखीच्या यूपीआय ऑटोपेशी हे ताडून पाहा. तिथे कमाल रक्कम असते, महिन्याला की वर्षाला हे ठरलेलं असतं, मुदत असते. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना यावी आणि साधारणपणे १५ हजारांवरच्या कपातीला ग्राहकाची नव्याने संमती घ्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. हे सारं बँक सांभाळते. ईआरसी-२० मध्ये मधे कुणीच नाही. ‘दरमहा दहा टोकन’ हे वेळापत्रक सेवा देणाऱ्याच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं असतं, तुमच्या परवानगीत नसतं. बरीच कॉन्ट्रॅक्ट्स अशी बांधलेली असतात, की पत्ता तोच ठेवून आतला कोड बदलता येतो. म्हणजे आज महिन्याला दहाच घेणाऱ्या पत्त्याने उद्या सगळे घ्यायचे ठरवले, तर त्याला अडवणारी एकच गोष्ट उरते : तुम्ही लिहिलेला आकडा.

आणि हाच आकडा लोक वाचत नाहीत. अनेक संकेतस्थळं सोयीच्या नावाखाली ‘अमर्याद’ परवानगी मागतात. मागणीचा कच्चा तपशील उघडला तर ११५७९२ ने सुरू होणारी ७८ अंकी संख्या दिसते. त्या रकान्यात मावणारी ती सर्वांत मोठी संख्या आहे. वॉलेटमध्ये आज पन्नासच टोकन आहेत, म्हणून बिनधास्त राहू नये. सहा महिन्यांनी त्यात पाचशे आले, तर तेही त्याच परवानगीखाली येतात. बहुतेक वॉलेटमध्ये हा आकडा खोडून आपला लिहिता येतो. तो लिहावाच. ‘द ग्राफ’सारख्या ठिकाणी शिल्लक आगाऊ भरायची असते, तेव्हा जितकं भरायचं तितकीच परवानगी द्यावी, भरणा झाला की ती आपोआप शून्यावर येते. दरमहा ओढणाऱ्या सेवेला मात्र फार तर दोन-तीन महिन्यांची रक्कम लिहावी. पुन्हा परवानगी देण्याचा थोडा त्रास होतो, तो मला तरी पूर्ण वसूल वाटतो.

न वाचता दिलेली परवानगी किती महागात पडते, ते पाहा. २०२१ मध्ये बॅजरडाओ या सेवेच्या संकेतस्थळात चोरांनी घातक कोड घुसवला होता. रोजच्या व्यवहारात तो लोकांकडून एक जादा परवानगी मागून घेई. नोव्हेंबरात परवानग्या गोळा होत राहिल्या आणि कुणाला काही जाणवलं नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला एका फटक्यात सुमारे १२ कोटी डॉलर गेले. पैसे गेलेल्यांपैकी कुणाचीही किल्ली चोरीला गेलेली नव्हती.

सेवा बंद केली किंवा संकेतस्थळावर ‘डिस्कनेक्ट’ दाबलं, म्हणून परवानगी रद्द होत नाही. ती साखळीवर तशीच राहते. इथरस्कॅनच्या टोकन अप्रूव्हल पानावर किंवा रिव्होक डॉट कॅशवर आपला पत्ता टाकला, की कुणाला किती दिलं आहे याची यादी दिसते. नको असलेली परवानगी शून्य करणं हाही एक व्यवहारच असतो आणि त्याला जाळ्याची फी लागते : आर्बिट्रमवर ईथरमध्ये, पॉलिगॉनवर पीओएलमध्ये. म्हणून वॉलेटमध्ये थोडं ईथर (पॉलिगॉनवर पीओएल) कायम ठेवावं. टोकन भरपूर आणि फीपुरतं ईथर नाही, अशा स्थितीत माणूस हात बांधल्यासारखा बघत राहतो. परवानगीची रक्कम कमी करायची असेल, तर आधी शून्य करून मग नवा आकडा लिहावा. पन्नासवरून थेट तीसवर आलात, तर बदल नोंदला जाण्याआधी समोरचा पन्नास उचलून पुन्हा तीस उचलू शकतो.

‘परमिट’ नावाचा प्रकार याहून फसवा आहे. त्यात नुसती सही मागतात, फी लागत नाही, म्हणून लोकांना ते लॉगिनसारखं वाटतं. त्या सहीवरही टोकन जातात. तेव्हा सहीच्या खिडकीतलं ‘स्पेंडर’ आणि ‘व्हॅल्यू’ हे दोन शब्द शोधून वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दरमहा टोकन घेणाऱ्या अशा सेवांसाठी वेगळं वॉलेट उघडून त्यात एक-दोन महिन्यांपुरतेच टोकन ठेवावेत. बचत तिथे नसेल तर चुकीच्या परवानगीचं नुकसानही तेवढ्यापुरतंच राहतं. भारतात टोकन देऊन सेवा घेणं हेही आभासी मालमत्तेचं हस्तांतरण धरलं जातं. नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि उगमकराचा १ टक्क्याचा नियम १ जुलै २०२२ पासून लागू आहे. म्हणून प्रत्येक कपातीची तारीख, टोकन आणि त्या दिवशीचा रुपयातला भाव लिहून ठेवावा. या हिशेबाची वही कशी ठेवायची, ते पुढच्या आठवड्यात.