नऊ वाजता ऑर्डर बंद

पहाटे ४.३०
शनिवार. पुण्यात कसबा पेठेतल्या बेकरीचं शटर अर्धं वर आहे आणि आत पावाचा शेवटचा घाणा निघतोय. ऑनलाइन ऑर्डरची सिस्टीम बनवणाऱ्या बाईचं या वेळी इथे काय काम, असा प्रश्न पाव भाजणाऱ्या उस्तादांच्या चेहऱ्यावर अजूनही असतो. पण कपड्यांच्या दुकानात माल आधी असतो आणि मग विकला जातो. इथे उद्याचा पाव आज अस्तित्वातच नसतो. तो विकायचा तर ओव्हनमध्ये किती मावतं, कधी मावतं हेच मोजावं लागतं, आणि ते घरी लॅपटॉपपुढे बसून कळत नाही.

ओव्हन विजेवरचा, तीन डेकचा. लाकडाची भट्टी मालकांनी, म्हणजे काकांनी, काही वर्षांपूर्वीच मोडली. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांची मुदत दिली, तेव्हा "आपण आधीच सुटलो" असं काका आल्यागेल्याला सांगत होते. तर हे तीन डेक. पावाला सव्वादोनशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, केकच्या स्पंजला पावणेदोनशेच्या. एका डेकवर पाव असताना तिथे केक जात नाही. म्हणजे ‘पाव किती, केक किती’ असे दोन वेगळे आकडे ठेवून चालत नाही, दोन्ही एकाच ओव्हनमधून जागा खातात. उस्तादांनी हे एका वाक्यात संपवलं होतं: "मॅडम, पीस मत बोलो, ट्रे बोलो." तेव्हापासून माझ्या डेटाबेसमध्ये मोजमाप ट्रेचं आहे. एक ट्रे म्हणजे सहा पावांच्या चार लाद्या. गिऱ्हाइकाला स्क्रीनवर लादी दिसते, आत वजा होतो ट्रेचा चौथा हिस्सा.

७.००
काउंटरवर गर्दी. या वेळी कुणी ऑनलाइन मागवत नाही आणि मागवूही नये. पिशवी पुढे करायची, पैसे मिळाल्याचा आवाज झाला की पाव घेऊन निघायचं, याहून झटपट ॲप कुणाला जमेल असं मला वाटत नाही. मिसळीच्या हॉटेलांची पोरं सायकलवरून येतात, मोजून न घेता लाद्या उचलतात, काउंटरवरच्या ताई वहीत रेघ मारतात. त्यांचा भाव वेगळा, हिशेब महिन्याचा. ही उधारी सिस्टीममध्ये आणू या, असं काका सुरुवातीला म्हणत होते. मी नको म्हटलं. वही उत्तम चालते. फक्त त्यांचे रोजचे ट्रे ऑनलाइन विक्री उघडण्याआधी बाजूला काढायचे, आणि रविवारी ते जवळपास दुप्पट धरायचे.

९.३०
आजचं खरं काम: प्रत्येक पदार्थाला किती आधी सांगावं लागतं, ते काका आणि उस्ताद दोघांना समोर बसवून ठरवणं. पाव आदल्या रात्री सांगितला तरी चालतो. केकचा स्पंज पूर्ण गार झाल्याशिवाय क्रीम लावलं तर ते वितळून खाली येतं, म्हणून केकला पूर्ण एक दिवस. खारीत थर पाडण्यासाठी पीठ पुन्हापुन्हा लाटून गार करावं लागतं. टोस्टची गंमत अशी, की आधी ब्रेड भाजायचा, तो एक दिवस मुरला की कापायचा आणि मंद आचेवर पुन्हा भाजायचा. मी आज रात्री टोस्ट मागवला तर तो परवाच्या आत येत नाही. काउंटरवर तो बरणीत कायम भरलेला दिसतो, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही.

"मग लिहा ना, दोन दिवस," काका म्हणाले.

"आणि बरणीतला?"

थोडा विचार करून ते म्हणाले, "पाव किलोपर्यंत बरणीतला. दोन किलो मागितला तर दोन दिवस."

हा नियम मला एकटीला कधी सुचला नसता. एकाच पदार्थाला दोन मुदती, वजनावरून.

मग यादीतली बाकीची कामं. अंड्याच्या आणि बिनअंड्याच्या केकवर वेगळी खूण, तीही नावाआधी, कारण या पेठेत तो प्रश्न भावाच्याही आधी येतो. फोटो इथल्याच मालाचे. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत केक दाखवून हा केक हातात दिला तर भांडण ताईंना सोसावं लागतं.

११.००
कर. पावाला जीएसटी शून्य. केकला २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के, त्याआधी अठरा. दर प्रोग्राममध्ये कोरून ठेवायचा नाही, तो कधीपासून लागू ते तारखेसकट लिहायचा, म्हणजे जुनी बिलं जुनीच राहतात. बिलावर अन्नपरवान्याचा चौदा अंकी क्रमांक.

१२.३०
यूपीआय. पैसे देणं सोपं आहे, पैसे आले हे कळणं अवघड. गिऱ्हाईक पिन टाकतं आणि लगेच बस पकडतं, आमचं पान बंद. बँकेकडून ‘पैसे मिळाले’ हा निरोप कधी उशिरा येतो, कधी दोनदा. दोनदा आला म्हणून दोन केक होता कामा नयेत, म्हणून प्रत्येक निरोप ऑर्डर क्रमांकाशी ताडून पाहायचा आणि त्या क्रमांकाची ऑर्डर आधीच पक्की असेल तर मुकाट्याने सोडून द्यायचा. शेवटचा एकच केक उरला असेल तर पैसे भरणाऱ्यासाठी तो दहा मिनिटं धरून ठेवायचा. पुढच्याला ‘संपला’ दिसेल, आणि पहिल्याने पैसे भरले नाहीत तर केक पुन्हा यादीत येईल.

१.००
शटर खाली. पुण्यातली एक ते चार ही वेळ थट्टेचा विषय आहे, पण रात्रभर जागलेला उस्ताद झोपणार कधी? या तीन तासांतही ऑर्डर येत राहिल्या तर माझ्या कामाची किंमत वसूल झाली असं मी समजते.

४.३०
प्रिंटर. बिलाचा छोटा थर्मल प्रिंटर इंग्रजी अक्षरं झरझर छापतो, मराठी मजकूर पाठवला की चौकोन तरी येतात नाहीतर वेलांट्या मोकाट सुटतात. त्याच्या पोटात देवनागरी नसतेच. उपाय: मजकुराचं चित्र करून ते छापायला द्यायचं. ऐंशी मिलिमीटरच्या कागदावर रुंदीत ५७६ ठिपके बसतात, तेवढ्यात अक्षर मोठं आणि ठसठशीत हवं, कारण ती चिठ्ठी मैद्याच्या हातांनी वाचली जाणार आहे.

केकवरच्या मजकुराचं दुखणं निराळंच. अर्ध्या किलोच्या केकवर किती अक्षरं मावतात ते क्रीमच्या कोनाने लिहिणाऱ्या कारागिराला ठाऊक. पण ‘हार्दिक’ त्याच्या हिशेबाने तीन अक्षरं आणि संगणकाच्या हिशेबाने सात, कारण काना, वेलांटी, पाय मोडायची खूण हे सगळं तो सुटं मोजतो. मर्यादा संगणकाच्या मोजणीने लावली असती तर आजोबांच्या पंचाहत्तरीचा मजकूर ‘शुभेच्छा’ येण्याआधीच तुटला असता. आता मोजणी कारागिराच्या पद्धतीने होते.

७.००
व्हॉट्सॲपवर एक आवाजी निरोप: "काका, उद्या नेहमीचं." नेहमीचं म्हणजे काय, हे काका आणि ताई सोडून जगात कुणाला माहीत नाही. ‘मागचीच ऑर्डर पुन्हा’ असं एक बटण आज टाकलं, सगळ्यात वर.

९.००
ऑर्डर बंद. नऊच का, तर साडेनऊला उस्ताद मैदा तोलायला घेतात, आणि पीठ मळून झाल्यावर आलेल्या ऑर्डरीचा काही उपयोग नसतो. वेळ सर्व्हरच्या घड्याळावर धरली आहे. गिऱ्हाइकाच्या फोनवर धरली तर घड्याळ मागे करून ऑर्डर देणारेही निघतील. उद्याची यादी छापून आली. कुणी काय मागवलं ते तिच्यात नाही, नुसते ट्रे: पाव इतके, स्पंज इतके. उस्तादांनी ती मिक्सरशेजारच्या खिळ्याला अडकवली.

९.१०
फोन वाजला. जुनं गिऱ्हाईक, दोन लाद्या हव्यात. काका म्हणाले, "पाठवतो."

नऊचा नियम गिऱ्हाइकांना आणि माझ्या प्रोग्रामला, मालकाला नाही. वाद घालण्यात अर्थ नाही हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. म्हणून रोज एक ट्रे ऑनलाइनला दिसतच नाही, तो काकांच्या नावाने राखीव असतो. आज त्यातल्या दोन लाद्या फोनवर गेल्या, उरलेल्या दोन सकाळी ताईंकडे.