अळीच्या डोक्यातून उगवलेलं औषध

मे-जूनमध्ये तिबेटच्या पठारावर आणि हिमालयाच्या उंच कुरणांत माणसं कोपर-गुडघ्यांवर सरपटताना दिसतात. उंची तीन ते पाच हजार मीटर, बर्फ नुकताच वितळलेला, आणि नजर गवताच्या पात्यापात्यांत अडकलेली. ती शोधत असतात जमिनीतून पेरभर वर आलेली एक तपकिरी काडी. काडी सापडली की भोवतालची माती अलगद उकरायची. मग हातात काय येतं? काडीच्या बुडाशी एक आख्खी अळी! डोकं, पाय, अंगावरच्या वळ्या, सगळं शाबूत. आणि काडी थेट तिच्या डोक्यातून उगवलेली.

हीच ती कीडा जडी. उत्तराखंडात पिथौरागढकडे हे नाव चालतं, तर नेपाळात तिला यार्सागुम्बा म्हणतात. हिवाळ्यात हा किडा असतो आणि उन्हाळ्यात त्याचं गवत होतं, असं लोक शतकानुशतकं मानत आले. समोर हे दिसत असताना दुसरं काय वाटणार? पंधराव्या शतकातल्या एका तिबेटी वैद्याने तिचे गुण लिहून ठेवले. पुढे चिनी वैद्यांनी फुप्फुसं आणि मूत्रपिंडांसाठी ती वापरली.

प्रत्यक्षात ती काडी म्हणजे एक बुरशी. तिथल्या एका पतंगाच्या अळ्या जमिनीखाली मुळं कुरतडत काही वर्षं काढतात. या बुरशीचा अंश अळीच्या शरीरात शिरतो, पण तिला लगेच मारत नाही. सुट्या सूक्ष्म पेशींच्या रूपात तो अळीच्या रक्तात तरंगत, वाढत राहतो. अळी खाते, हिंडते, मोठी होते. मग एके दिवशी त्या पेशी तंतू पसरू लागतात, आतलं सगळं फस्त करतात आणि उरते फक्त कातडी, कापूस ठासून भरलेल्या अभ्र्यासारखी. कमाल म्हणजे मेलेली अळी सापडते ती जमिनीच्या पृष्ठभागाजवळ, डोकं वर करून! बुरशीला हवी तश्शीच. वसंतात त्या डोक्यातून काडी फुटते आणि तिच्या टोकावरून बीजाणू वाऱ्यावर निघतात.

1993 साली या काडीचं नाव जगभर झालं. बीजिंगमध्ये चिनी धावपटू वांग जुनश्या हिने दहा हजार मीटर अंतर 29 मिनिटं 31.78 सेकंदांत पार केलं आणि तिचा विक्रम 2016 पर्यंत टिकला. तिच्या प्रशिक्षकांनी श्रेय दिलं कीडा जडीला. पण 2000 साली त्यांच्याच काही धावपटूंना उत्तेजक चाचण्यांनंतर सिडनी ऑलिंपिकच्या संघातून वगळण्यात आलं. जडीच्या ताकदीचा भक्कम पुरावा आजही नाही. उलट 2016 मध्ये चीनच्या औषध प्रशासनानेच तिच्यातल्या आर्सेनिकबद्दल इशारा दिला.

मला मात्र खरं आश्चर्य दुसरीकडेच दिसतं. किड्यालाही प्रतिकारशक्ती असते. परका जीव आत शिरला की त्याच्या रक्तपेशी त्याला घेरतात. मग ही बुरशी इतका काळ आत राहते तरी कशी? जिवंत शरीरात बिऱ्हाड करायचं तर तिथल्या पहारेकऱ्यांना गुंगी द्यायलाच हवी.

आता तिच्या भाऊबंदांकडे बघा. नॉर्वेतल्या हार्डांगर पठारावरच्या मातीत एक साधीशी बुरशी सापडली. तिच्यातून निघालं सायक्लोस्पोरिन. दुसऱ्याचं मूत्रपिंड किंवा हृदय आपलं शरीर झिडकारतं, ते थांबवणारं हे औषध 1983 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि अवयवरोपणाचं सारं चित्रच पालटलं. पुढे 1996 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅथी हॉज यांनी दाखवून दिलं की मातीतल्या त्या बुरशीचं दुसरं रूप भुंगेऱ्यांच्या अळ्यांमधून उगवतं. म्हणजे तीही कीडा जडीच्याच कुळातली!

एवढ्यावर हे थांबत नाही. चिनी वैद्यकात रातकिड्यांसारख्या गाणाऱ्या सिकाडा किड्यांवरची एक बुरशीही वापरात होती. जपानमधल्या तेत्सुरो फुजिता यांच्या गटाने तिच्यात प्रतिकारशक्ती दडपणारं द्रव्य शोधलं. त्यात फेरफार करून फिंगोलिमोड तयार झालं. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीर स्वतःच्याच मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करतं. या आजाराची आगेकूच मंदावणारं, तोंडाने घ्यायचं, अमेरिकेत मंजूर झालेलं हे पहिलं औषध, साल 2010. किड्याला गप्प करणाऱ्या कुळातून माणसाचं बंड शमवणारी दोन औषधं! मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

कीडा जडी मात्र संकटात आहे. तिला फार चढा भाव मिळतो म्हणून काडी कोवळी, अळी टणक असतानाच ती उपटली जाते, म्हणजे बीजाणू सुटण्याआधीच. वर हवामान तापतंय. 2020 मध्ये निसर्गसंवर्धनासाठी काम करणाऱ्या आययूसीएन या संस्थेने तिला असुरक्षित प्रजातींत टाकलं. बाजारात या बुरशीच्या ‘कॉर्डिसेप्स’ या नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याचशा बाटल्यांत असते ती तिची नारिंगी चुलत बहीण, जिला वाढवायला किडा लागतच नाही. ती तांदळावरही वाढते.

अशा कीटकभक्षी बुरशींच्या शेकडो जाती ठाऊक आहेत. मुंग्यांवर, गांधीलमाश्यांवर, कोळ्यांवरही त्या वाढतात. पश्चिम घाटातूनही दुर्गंधी सोडणाऱ्या किड्यांमधून उगवणाऱ्या अशा एका बुरशीची नोंद आहे. प्रत्येकीला आपापल्या यजमानाचे पहारेकरी झोपवायचे असतात, आणि त्यातल्या फारच थोड्यांच्या रसायनांत अजून कुणी डोकावून पाहिलं आहे.