वरदाभाई: दारूबंदीने घडवलेला दादा

वरदराजन मुदलियार तमिळनाडूतून मुंबईत आला आणि बोरीबंदर स्टेशनावर हमाली करू लागला. स्टेशनालगतच्या बिस्मिल्ला शाह बाबाच्या दर्ग्यात तो गोरगरिबांना जेवू घालायचा, ही त्याची पहिली ओळख. धारावी, अँटॉप हिल, सायन-कोळीवाड्याच्या झोपड्यांत तो पुढे ‘वरदाभाई’ झाला. त्याच्या मोठेपणाचं श्रेय लोक त्याच्या धाडसाला देतात. मला ते बरंचसं सरकारला द्यावंसं वाटतं.

१९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा आला. शहर प्यायचं थांबलं नाही, फक्त दुकानं बंद झाली. गूळ, सडकी फळं आणि नवसागर यांचं रसायन खाडीकाठच्या आडोशाला आंबू लागलं. भट्टीवर उतरलेला माल टायरच्या ट्यूबांमध्ये भरून शहरभर पोचायचा. या कामाला हात लागत, आणि हात होते ते नुकत्याच आलेल्या, कागदपत्रं नसलेल्या, भाषा न येणाऱ्या माणसांचे. वरदाने त्यांना काम दिलं. रेशनकार्ड, नळ, वीज यांच्या अडचणी सोडवल्या, भांडणं मिटवली. कोर्टात वर्षं जातात, त्याच्या दरबारात निकाल त्याच दिवशी लागायचा. पुढे गोदीतल्या मालाची चोरी आणि वसुली हेही धंदे जोडले गेले. माटुंगा स्टेशनबाहेरचा त्याचा गणपती डोळे दिपवणारा असे.

तो आदर खोटा होता असं मी म्हणणार नाही. पालिकेने जे द्यायचं ते ज्याने मिळवून दिलं, त्याला माणसं देव मानणारच. पण मोबदला तीच माणसं देत होती. भट्टीवर छापा पडला की तुरुंगात जायची ती, आणि गुत्त्यात मजुरी उडवायची तीही. सिनेमात ही बाजू फारशी येत नाही. वरदावर बेतलेला मणिरत्नम यांचा ‘नायकन’ १९८७ च्या दिवाळीत आला, पुढच्या वर्षी हिंदीत ‘दयावान’. पडद्यावरच्या त्या माणसाने खऱ्या वरदाला झाकून टाकलं.

पडझड दोन बाजूंनी झाली. साठच्या दशकापासून दारूबंदी सैल होत गेली, परवाने निघाले, देशी दारूची दुकानं उघडली आणि हातभट्टीचा नफा आटला. त्यातच ऐंशीच्या दशकात पोलीस उपायुक्त वाय. सी. पवार यांनी त्याच्या अड्ड्यांमागे ससेमिरा लावला. वरदा मद्रासला निघून गेला. जानेवारी १९८८ मध्ये तिथेच त्याचा मृत्यू झाला. देह मुंबईला आणण्याची व्यवस्था तस्कर हाजी मस्तानने केली. अंत्ययात्रेला गर्दी लोटली.

तो दारूबंदी कायदा मात्र आजही रद्द झालेला नाही. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी कागदोपत्री परवाना लागतोच. आणि जून २०१५ मध्ये, हातभट्टीचे दिवस सरले असं आपण मानत असताना, मुंबईतल्याच मालवणीच्या झोपड्यांत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं मेली.